लाकडी स्नेअर घेताना आधी कड बघा, मग लाकडाचं नाव

मागच्या अंकात ड्रम ट्यूनिंगवर लिहिलं त्यानंतर जी पत्रं आली त्यातली निम्म्याहून जास्त एकाच विषयाची होती, लाकडी स्नेअर, म्हणजे खालच्या बाजूला तारा टेकलेला ड्रम, कुठला घेऊ, मेपल की बर्च, प्लाय की सॉलिड, नवा की सेकंडहँड. म्हणून यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त हेच घेतोय.

प्रश्न : दादा, मी वसईचा. चर्चच्या क्वायरमध्ये ड्रम वाजवतो आणि सीझनला लग्नाच्या बँडमध्ये पण. किटबरोबर आलेला स्टीलचा स्नेअर आहे, पण चर्चमध्ये तो इतका खणखणतो की शब्द ऐकूच येत नाहीत, फादर दोनदा बोलले. आता लाकडी घ्यायचाय, एकच परवडेल. दुकानात दोन दाखवले, एक मेपलचा साडेपाच इंच खोल, एक बर्चचा साडेसहा इंच. कुठला घेऊ?

फादरांचं बरोबर आहे, आणि तुमचंही, कारण चर्चचं छत उंच, भिंती कडक, आवाज आत फिरत राहतो, आणि स्टीलचा शेल, म्हणजे ड्रमचं गोल अंग, मारल्यावर स्वतःही बराच वेळ गुंजत राहतो. लाकूड ती गुंज लवकर पिऊन टाकतं. त्यामुळे लाकडाकडे वळताय हे उत्तमच.

आता मेपल की बर्च. सगळीकडे वाचायला मिळतं की मेपल गोल आणि उबदार, बर्च जरा टोकदार आणि आटोपशीर, महोगनी खालच्या अंगाचा. हे अगदी खोटं नाही. यामाहाचा रेकॉर्डिंग कस्टम हा किट बर्चचा, स्टीव्ह गॅडसारखा नावाजलेला ड्रमर तो वाजवायचा, आणि १९८० च्या दशकात कितीतरी स्टुडिओंमध्ये तोच असायचा कारण माइकसमोर तो फार पसारा न करता बसतो. पण मी इतकी वर्षं स्नेअर उघडून, पुसून, परत बांधून बघतोय त्यावरून मनापासून सांगतो, लाकडाच्या नावाला आपण गरजेपेक्षा खूप जास्त महत्त्व देतो.

थोडे आकडे बघा. मेपलचं वजन घनमीटरला साधारण ७०० किलो, बर्चचं साधारण ६९०. म्हणजे जवळपास सारखंच. ताठपणा, म्हणजे लाकूड वाकायला किती विरोध करतं, त्यात या दोघांचा फरक दहा टक्क्यांच्या आसपास. आणि आता जाडी बघा. शेल वाकायला किती विरोध करतो हे जाडीच्या घनावर जातं, म्हणजे ५ मिलिमीटरचा शेल आणि ८ मिलिमीटरचा शेल यांच्यात ताठपणाचा फरक चौपट पडतो. एकीकडे दहा टक्के, एकीकडे चौपट. मग दुकानदाराला पहिला प्रश्न लाकडाचा विचारायचा की जाडीचा? पातळ शेल स्वतःही थरथरतो, आवाज जरा खालचा आणि भरलेला येतो, जाड शेल फारसा हलत नाही, सगळी ताकद हेडकडेच, म्हणजे तोंडावर ताणलेल्या पडद्याकडेच राहते म्हणून आवाज मोठा आणि तुटक येतो.

आणि या सगळ्याच्या आधी येतं हेड. काठी हेडवर पडते, लाकडावर नाही. वरचं हेड साधारण पाव मिलिमीटरचं असतं, खालचं तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही पातळ, ०.०७५ मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याला टेकलेल्या वीस तारा. स्नेअरची जी ‘चर्र’ आहे ती तिथे तयार होते. खालचं हेड ढिलं असेल तर जगातलं कुठलंही लाकूड तुम्हाला वाचवू शकत नाही.

तुमच्यासाठी मी साडेपाच इंचाचाच घेईन. क्वायरमध्ये अर्ध्याहून जास्त वेळ तुम्ही हळू वाजवणार, आणि हळू वाजवताना तारांनी लगेच उत्तर दिलं पाहिजे. खोल ड्रममध्ये वरच्या हेडचा धक्का खालच्या हेडपर्यंत जायला जास्त हवा ढकलावी लागते, आवाजाला पोट येतं पण बारीक काम थोडं जड होतं. साडेसहाचा मोठ्या मैदानात आणि रॉकमध्ये सुंदर लागतो, तुमच्या लग्नाच्या बँडला माइक असतोच त्यामुळे तिथे साडेपाचवर अडणार नाही. तुमच्यासमोरचा साडेपाचचा योगायोगाने मेपलचा आहे, बर्चचा असता तरी मी हेच सांगितलं असतं. रिम, म्हणजे हेड दाबून धरणारी धातूची कडी, साधी वाकवलेल्या पत्र्याची घ्या, ओतीव रिमने आवाज आवळला जातो आणि रिमशॉट, म्हणजे काठी हेड आणि रिमवर एकदमच मारलेला फटका, अजून टोकदार होतो, तो चर्चमध्ये नकोय.

दुकानात जाताना मात्र दोन गोष्टी करा. एक, स्वतःची ट्यूनिंगची चावी घेऊन जा आणि दोन्ही ड्रमना सारखंच हेड लावून सारख्याच ताणावर आणायला सांगा, नाहीतर तुम्ही लाकूड नाही, दोन वेगवेगळी ट्यूनिंगं ऐकत असता. दोन, मित्राला वाजवायला बसवून तुम्ही पंचवीस-तीस फूट लांब उभे राहा, जमलं तर दुकानाच्या दाराबाहेर. वाजवणाऱ्याच्या कानाला जे ऐकू येतं ते शेवटच्या बाकावरच्या आजीला ऐकू येत नाही, आणि तुम्ही वाजवताय तिच्यासाठी.

प्रश्न : प्लाय शेल म्हणजे शेवटी प्लायवूडच ना? घरात फर्निचर करताना आपण सागवान परवडत नाही म्हणून प्लाय घेतो, मग ड्रमला एवढे पैसे देऊन प्लाय का घ्यायचं? सॉलिड शेल खरंच एवढा भारी असतो का? (वाचक, कोल्हापूर)

ही शंका आपल्याकडे येणारच, कारण प्लाय म्हटलं की डोळ्यासमोर स्वयंपाकघरातलं कपाट येतं. पण ड्रमच्या शेलमधला एकेक पदर चांगल्या लाकडाचा, जेमतेम पाऊण-एक मिलिमीटरचा सोललेला असतो, सहा-आठ-दहा पदर गोंद लावून गोल साच्यात दाबतात, प्रत्येक पदराचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यापासून लांब ठेवतात, आणि बऱ्याचदा एका पदराची रेघ, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, आडवी तर पुढच्याची उभी असते. त्यामुळे तो गोलच राहतो, ओल आली-गेली तरी फारसा हलत नाही. हलक्या शेलमध्ये मधले पदर पॉप्लर किंवा तसल्या मऊ लाकडाचे आणि वरचा तेवढा मेपल असतो, ते कमीच असं नाही, लुडविग कंपनीचे १९६० च्या आसपासचे तीन पदरी शेल मधे पॉप्लरच घालून केलेले आहेत आणि लोक आजही ते शोधत फिरतात. फक्त विकणाऱ्याने ‘सगळा मेपल’ म्हणू नये एवढंच.

सॉलिड शेल म्हणजे एकच फळी वाफेवर मऊ करून गोल वाकवायची, टोकं तिरकी कापून एकमेकांवर चिकटवायची, आणि ती परत उघडू नये म्हणून आतून वर-खाली लाकडाच्या कड्या लावायच्या. स्लिंगरलँड कंपनीचा रेडिओ किंग हा त्यातला सगळ्यात गाजलेला, जॅझ ड्रमर जीन क्रुपा तो वाजवायचा, मेपलची एकच फळी. नंतर ही पद्धत मागे पडली कारण प्लाय पटापट आणि एकसारखं बनतं, पण अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या नोबल अँड कूली या कंपनीने १९८० च्या दशकात वाफेवर वाकवलेला स्नेअर परत आणला. ही कंपनी १८५४ पासून ड्रम बनवतेय, मुलांच्या खेळण्यातले ड्रम पण त्यांनी वर्षानुवर्षं केले.

आवाजात फरक आहे का, तर आहे. आत गोंदाचे पदर नाहीत, रेघ अख्ख्या गोलाभोवती एकाच दिशेने पळते, त्यामुळे मधल्या ताणावर आणि जरा ढिलं ट्यून केलं तरी आवाज मोकळा राहतो, पडत नाही. मला तो आवाज अतिशय आवडतो. पण पहिला स्नेअर म्हणून मी कुणालाच सॉलिड सांगत नाही. किंमत कितीतरी जास्त, आणि आपल्याकडच्या हवेत त्याला सांभाळावं लागतं. त्याच पैशात उत्तम प्लाय स्नेअर, दोन-तीन प्रकारची हेड्स, चांगल्या तारा आणि एक कडक केस येते, आणि हेड्स बदलत बदलत तुम्ही जे शिकाल ते महाग शेल शिकवणार नाही.

प्रश्न : आमचे वडील तमाशात ढोलकी वाजवायचे, घरात दोन जुन्या ढोलक्या आहेत, दोन्हीची खोडं एकाच ओंडक्यातून कोरलेली. मी ड्रम शिकतोय. वडील विचारतात की स्नेअर पण असाच ओंडका कोरून का करत नाहीत, वाकवायचं कशाला? (वाचक, नारायणगाव)

वडिलांना माझा नमस्कार सांगा, कारण हा प्रश्न मला आजपर्यंत कुठल्या ड्रमरने विचारला नाही आणि त्याच्यात सगळ्याचं मर्म आहे.

ढोलकीचं खोड लांब आणि तोंडं छोटी, भिंत जाड ठेवता येते, म्हणून ओंडका कोरला तरी टिकतो. स्नेअर उलटा आहे, तोंड १४ इंच आणि खोली जेमतेम साडेपाच, भिंत पाच-सहा मिलिमीटर. एवढा रुंद आणि इतका पातळ तुकडा ओंडक्यातून काढला तर लाकूड सुकताना कडेने तडकण्याची भीती फार, शिवाय मधलं सगळं लाकूड भुसा होऊन जातं. तसे ड्रम कुणी करतच नाही असं नाही, पण ते थोडे आणि महाग.

पण मुख्य फरक रेघेचा आहे. ढोलकीच्या खोडात लाकडाची रेघ उभी, या पुडीकडून त्या पुडीकडे जाते. वाफेवर वाकवलेल्या स्नेअरमध्ये ती गोल फिरते. आणि लाकूड रेघेच्या दिशेने जेवढं ताठ असतं त्याच्या मानाने रेघेच्या आडवं फारच मऊ असतं, मेपलमध्ये हा फरक आठ ते पंधरा पट आहे. म्हणजे तेच लाकूड, तीच जाडी, पण रेघ फिरवली की शेल वेगळाच वागतो! लाकडाच्या नावापेक्षा बांधणी मोठी असं मी वर म्हटलं ते यासाठीच.

वडिलांच्या ढोलकीच्या सगळ्यात जवळ जाणारा स्नेअर हवा असेल तर त्याला स्टेव्ह शेल म्हणतात. पिंपाला जशा उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी जोडतात तसंच, वीस-एक पट्ट्या कोन काढून चिकटवायच्या आणि मग लेथवर आतून-बाहेरून गोल करायचं. रेघ उभी, खोडासारखी. यात वाकवायचं नसल्यामुळे जे लाकूड वाफेला दाद देत नाही तेही चालतं. हातात कसब असलेला सुतार आणि चांगला लेथ असेल तर हे आपल्याकडे होऊ शकतं असं मला मनापासून वाटतं, तबल्या-ढोलकीची खोडं करणारे हात आपल्याकडे आहेतच. तुम्ही केलात तर मला पहिला फोटो पाठवा.

प्रश्न : सेकंडहँड लाकडी स्नेअर बघायला जातोय, बाहेरून मस्त दिसतोय. आतून काय काय तपासू? (वाचक, ठाणे)

बाहेरून मस्त दिसतोय याच्यावर मी एकदा फसलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक जुना मेपलचा स्नेअर घेतला, रंग सुंदर, क्रोम चकचकीत, विकणाऱ्याने प्रेमाने दाखवला. घरी आणला तर ट्यूनच होईना. एका बाजूला आवाज बसला की दुसरीकडे घरघर, ती घालवली की मधे एक विचित्र डुगडुग. वरचं हेड बदललं, खालचं बदललं, तारा नवीन आणल्या, परत वरचं हेड वेगळ्या जातीचं आणलं, महिनाभर मला वाटत होतं माझ्याच हातात काहीतरी कमी आहे. शेवटी एका रात्री सगळं उघडून नुसता शेल हातात घेतला आणि आईच्या स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथा ठेवला, दिवा बंद केला, टॉर्च शेलच्या आत ठेवला आणि डोळे ओट्याच्या पातळीला आणून गोल फिरलो. दोन लगच्या (हेड ताणणारे रॉड जिथे बसतात त्या शेलवरच्या धातूच्या ठोकळ्यांच्या) मधे चार बोटं रुंद उजेडाची फट! कुणीतरी कधीतरी हाताने पॉलिशपेपर मारून ती कड खाल्ली होती. हेड तिथे टेकतच नव्हतं, आणि मी महिनाभर हेडला दोष देत होतो.

ती कड म्हणजे बेअरिंग एज, शेलच्या तोंडाची धार, जिच्यावर हेड बसतं. अख्ख्या लाकडात हेडला शिवणारी जागा फक्त तेवढीच. ती ४५ अंशात टोकदार कापलेली असेल तर हेड कमीत कमी लाकडाला लागतं, आवाज चमकदार आणि लांब राहतो, ३० अंशाची किंवा गोलसर असेल तर हेड जास्त लाकडावर टेकतं, आवाज जाडसर आणि लवकर आटोपणारा. ग्रेच कंपनीच्या जुन्या ड्रमचा जो आवाज लोकांना हवा असतो त्यात त्या ३० अंशाच्या कडेचा मोठा वाटा आहे. दोन्ही चांगल्या, पण सपाट हव्यात.

तर बघायला जाताना चावी, टॉर्च आणि मोजपट्टी न्या. मालकाला विचारून दोन्ही हेड्स उतरवा, नाही म्हणाला तर सरळ परत या. शेल ओट्यावर किंवा जाड काचेच्या टेबलावर ठेवून वर सांगितलं तसं बघा. एक लक्षात ठेवा, खालच्या बाजूला समोरासमोर दोन ठिकाणी उजेड दिसेलच, जिथे थ्रो-ऑफ (तारा ताणायची-सोडायची कळ) आणि त्याच्या समोरची पट्टी असते तिथे. ते स्नेअर बेड, तारा हेडला नीट टेकाव्यात म्हणून कड तिथे मुद्दाम मिलिमीटर-दोन मिलिमीटर खाली उतरवलेली असते. तो दोष नाही, उलट ती उतरण अचानक न होता हळूहळू व्हायला हवी. वरच्या कडेला मात्र कुठेही उजेड दिसता कामा नये.

मग व्यास चार दिशांनी मोजा. १४ इंची ड्रमचा शेल प्रत्यक्षात दोन-तीन मिलिमीटर कमी असतो म्हणजे हेड सैल उतरतं, हेड नुसतं ठेवून फिरवून बघा, अडत असेल तर शेल गोल राहिलेला नाही किंवा वरचा प्लास्टिकचा पापुद्रा फुगलाय. चार मापांत मिलिमीटरभर फरक मी चालवून घेतो, तीन असेल तर घेत नाही. आतून बोटाच्या पेराने टकटक करत गोल फिरा, एखाद्या जागी आवाज एकदम भद्द आला तर तिथे पदर सुटलेत. लगच्या भोकांपासून निघालेल्या बारीक भेगा बघा. सॉलिड शेल असेल तर सांध्याची तिरकी रेघ आणि आतल्या कड्या दोन्ही नखाने चाचपा.

तारा वाकल्यात, हेड फाटलंय, रिम गंजलीय, एखादा रॉड नाही, याची काळजी करू नका, ते सगळं मिळतं, फक्त त्याचे पैसे किमतीतून वजा करून मागा. कड थोडी खराब असेल तर राउटरवर परत कापता येते, माझी तशीच केली, ओळखीच्या एका सुताराने आधी शेल सपाट करून मग ४५ अंशाचं पातं लावलं, मिलिमीटरभर उंची गेली आणि स्नेअर बेड परत काढावे लागले. आज तोच माझा सगळ्यात लाडका ड्रम आहे. पण हे काम येणारा माणूस आधी शोधा आणि मगच तसा ड्रम घ्या.

प्रश्न : सर, मी अकरावीत आहे. बुबिंगाचा स्नेअर सगळ्यात भारी असं ऐकलं. त्याच्यासाठी पैसे साठवू का? (वाचक, नागपूर)

पैसे जरूर साठव, पण बुबिंगासाठी थांबू नकोस. ते आफ्रिकेतलं जड लाकूड, घनमीटरला ८९० किलोच्या आसपास, आवाज दणदणीत येतो हे खरं. पण तोड इतकी झाली की २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट आली, २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली तरी तोवर बऱ्याच कंपन्यांनी हात आखडता घेतला होता. तुझ्या वयात एक साधा सहा किंवा आठ पदरी मेपल किंवा बर्च घे, १४ बाय साडेपाच, आणि दर आठवड्याला एकदा पूर्ण ढिला करून स्वतः ट्यून कर. समोरासमोरचे रॉड जोडीने, अर्धा अर्धा फेरा, प्रत्येक रॉडपासून इंचभर आत टिचकी मारून ऐकत. वर्षभरात तुझा कान माझ्यापेक्षा चांगला होईल.

प्रश्न : रत्नागिरीत राहतो, पावसात लाकडी स्नेअर टिकेल का? तबल्याची तर वाट लागते. (वाचक, रत्नागिरी)

तबल्याचं दुखणं मुख्यतः चामड्याचं आहे. ड्रमवरही पूर्वी वासराचं चामडंच असायचं आणि दमट हवेत ते असंच उतरायचं, १९५० च्या दशकात पॉलिएस्टरची हेड्स आली, १९५७ मध्ये रेमो कंपनी त्याच्यावरच उभी राहिली, आणि तो त्रास संपला. प्लाय शेल पावसात आरामात राहतो. धातूच्या भागांवर गंज मात्र धरतो, म्हणून जूनच्या आधी सगळे रॉड काढून शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब लावा, तारा कोरड्या फडक्याने पुसा, तारांना सुती दोरी असेल तर ती बदलून प्लास्टिकची पट्टी लावा कारण सुती कुजते. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका. सॉलिड शेल असेल तर बंद केसमध्ये, भिंतीपासून लांब, आणि एसीच्या थेट झोतात किंवा मे महिन्यात गाडीच्या डिकीत कधीच नाही. आणि केस ओली झाली असेल तर ड्रम बाहेर काढून उघड्यावर ठेवा, केस वेगळी वाळवा, दोन्ही पूर्ण कोरडं झाल्याशिवाय परत आत घालू नका.